एका डोहातले दोन मासे

दारणेचं पाणी आश्विन सरताना निवळायला लागतं. आधी गुळाच्या चहासारखं असतं, मग दिवसागणिक गाळ खाली बसत जातो, आणि एका सकाळी काठावरून वाकून पाहिलं की तळाचे दगड एकेक करून दिसू लागतात. लोकांना दिवाळीची चाहूल कशाने लागत असेल ती लागो. मला या दगडांनी लागते. चार महिने नदी कोणाला काही दाखवत नाही. कार्तिकात ती सगळं उघडं करून ठेवते, आपल्याला बघायचं असो वा नसो.

यंदाही मी गेलो होतो. देवळाली कॅम्पातल्या माझ्या दुकानापासून आमच्या गावचा डोह पायी तासाभराच्या वाटेवर आहे. टांगा परवडतो, पण डोहावर मी चालतच जातो. काठाच्या खडकावर बसलो. पाणी काचेसारखं होतं. खाली प्रत्येक दगडावर हिरवं, लांब, केसांसारखं शेवाळ प्रवाहाबरोबर हलत होतं. बाहेरगावचा माणूस त्याला सुंदर म्हणेल. म्हणू दे. त्या शेवाळाचं आणि माझं सहा वर्षांचं वैर आहे. त्याआधी हे दगड काळे आणि स्वच्छ असायचे, घासलेल्या तव्यासारखे. ते कोण घासायचं, हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि तरी ठाऊक नव्हतं.

मी मासळीचा व्यापारी. मुंबईहून बर्फाच्या पेट्यांत पापलेट आणि सुरमई येते, ती मी गोऱ्यांच्या मेसला, हॉटेलांना आणि दोन दवाखान्यांना पुरवतो. माझ्या बापाकडे एक जाळं आणि एक होडी होती, आणि होडीला भोक होतं. तिथून इथवर मी कोणाचा हात धरून आलेलो नाही, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. एक हात होता. अक्काचा.

आई-बाप एकाच उन्हाळ्यात पटकीने गेले तेव्हा मी सहा वर्षांचा आणि अक्का चौदाची. तिचं लग्न झालं होतं, ते दोन वर्षांत नवऱ्याच्या मरणाने संपलं, आणि ती परत आली ती माझ्यासाठीच आली असं मी धरून चाललो. आम्ही भोई. घरात मासा नसेल त्या दिवशी चूल नाही. अक्काने मला पोहायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं, आणि बाजारात कसं बसायचं तेही शिकवलं. ती भद्रकालीच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. तिच्यासमोर विळी, बाजूला राखेचं मडकं, आणि तोंड सारखं चालू.

"मावशी, ताजा आहे का?" असं कोणी विचारलं की ती मान वर न करता म्हणायची, "माझ्याहून ताजा हाय. मला चाळीस झाली, त्याला आज सकाळ झाली."

कोणी फारच भाव पाडायला लागलं की म्हणायची, "वयनी, मासा मेलाच हाय. आता मला तरी जित्ती ठेवा."

भाव करणं ही माझीही कला आहे, आणि ती माझ्याकडे तिच्याकडूनच आली. फरक एवढा की अक्का भाव करताना हसायची आणि मी तापायचो. मला अजूनही वाटतं की तापल्याशिवाय माणसाला आपला शब्द खरा वाटत नाही. अक्काला तसं वाटत नसे.

डोहात तेव्हा दोन मासे होते, ज्यांच्यावर आम्हा दोघांचं घर चाललं होतं. मासे पुष्कळ होते, मरळ होता, शिंगटी होती, वांब होती. पण चालतं नाणं म्हणजे हे दोन. एक ओठ्या. जाड मांसल ओठांचा, तोंड पुढे, वाढला की हातभर होणारा. कॅम्पातल्या बटलरला हाच हवा असायचा, कारण तो अख्खा तळून ताटात आडवा ठेवता येतो. दुसरा चाट्या. तळहाताएवढा, तोंड खालच्या बाजूला, खालचा ओठ नखासारखा टणक. हा गरिबाचा मासा. पैशाला वाटीभर, कालवणात डोक्यासकट.

दोघांची गंमत अक्काने मला विळीवर दाखवली होती. तिने एक ओठ्या फाडला आणि एक चाट्या. दोघांची आतडी काढून ओल्या पानावर शेजारी शेजारी मांडली. ओठ्याचं आतडं आखूड, जाड, त्यात गोगलगायींच्या कवचांचा चुरा. चाट्याचं आतडं सुतळीच्या गुंडीसारखं गुंडाळलेलं, उलगडत गेलं तरी संपेना, आणि आत नुसतं हिरवं.

"ह्यो गोगलगाय फोडतो," ती म्हणाली, "घशात दात हायत त्याच्या, बोट घालून बघ. आन ह्यो दगड चाटतो. हिरवं पचाया लांब आतडं लागतं. गाईचं नाय का असत?"

मग तिने दोघांना पालथं केलं. "आता शेपटाकडं बघ." दोघांच्याही शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका, अगदी एकाच जागी. "खवल्यांची रांग मोज. सारखीच भरंल. ही सख्खी हायत रं धोंड्या. तोंडं येगळी झाली, बाकी वळण एकच."

मी हे कुठे पुस्तकात वाचलेलं नाही. तीस वर्षं मासे फाडून, डोह पाहून जे जमलं तेच लिहितो आहे. दोन मासे एकसारखे आणि तरी वेगळे कसे झाले, याचा विचार मी दुकानात गिऱ्हाईक नसताना पुष्कळ केला. मला असं वाटतं की कधीतरी, माणसाच्या आठवणीच्या फार मागे, ते एकच असणार. मग दुष्काळाचं एखादं साल आलं असेल, किंवा अशी बरीच सालं लागोपाठ आली असतील. नदी तुटली असेल, डोह डोहापासून वेगळा पडला असेल. एका डोहात नुसता खडक, खायला दगडावरच्या हिरव्या साईखेरीज काही नाही. दुसऱ्यात चिखल आणि गोगलगायी. पहिल्यात ज्याचा ओठ जरा टणक, आतडं जरा लांब, त्याचं पोट भरलं, त्याची पिलं वाचली. दुसऱ्यात ज्याच्या घशात जोर, त्याची. असं किती पिढ्या चाललं असेल कोण जाणे. कोणी ठरवून काही केलं नसेल. आणि मग पाणी परत आलं, डोह जोडले गेले, आणि हे दोघे समोरासमोर आले तेव्हा त्यांची ओळख राहिली नव्हती. विणीच्या वेळी एक वरच्या खळाळाकडे जायला लागला आणि दुसरा काठच्या रेतीत. एकाच पाण्यात राहायचे, एकमेकांच्या अंगाला अंग घासून जायचे, पण भांडायचे नाहीत. मी तासन् तास पाहिलं आहे. चाट्या भर दुपारी उन्हातल्या उथळ दगडांवर. ओठ्या तळाच्या सावलीत. भांडणाला कारणच नव्हतं, कारण एकाचं जेवण दुसऱ्याला जेवण वाटतच नव्हतं.

हे मला आज कळतं. त्या वर्षी कळत होतं ते वेगळंच.

आम्हा भोयांत एक रीत आहे. पुरुषाच्या जाळ्याचं घर चार बोटांचं असावं. चार बोटं आरपार गेली पाहिजेत. त्यातून जो निसटेल तो बायकांचा. बायका जुनं लुगडं पाण्यात दोघींनी धरून ओढतात आणि बारीक मासा काढतात. पुरुषाने लुगड्याला हात लावायचा नाही आणि बाईने जाळ्याला. कोणी घातली ही रीत माहीत नाही, पण ती होती तोवर एका डोहावर दोन धंदे चालायचे, आणि घरातल्या घरातही दोन. माझं जाळं, अक्काचं लुगडं. माझा ओठ्या, तिचा चाट्या.

त्या वर्षी, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहात गेलेली माणसं सुटून येऊन दोन-एक वर्षं झाली असतील तेव्हा, कॅम्पात एकदम वर्दळ वाढली. नवी पलटण आली. बटलर रोज निरोप धाडायचा, मोठा मासा, आणखी मोठा. मी नुकतंच कॅम्पातल्या दुसऱ्या मासळीवाल्याला उठवलं होतं. वर्षभर त्याच्यापेक्षा कमी दराने विकलं, स्वतः अर्धपोटी राहिलो, आणि तो गाशा गुंडाळून मनमाडला गेला. त्याचं गिऱ्हाईक सगळं माझ्याकडे आलं. एका गल्लीत दोन दुकानं म्हणजे दोन्ही अर्धी, हा धडा मी त्यातून घेतला. धडा खरा होता. फक्त तो गल्लीपुरता होता.

मी काठावर बसून पाहायला लागलो. डोह एवढा, त्यात चाट्यांचे थवेच्या थवे, आणि ओठ्या मोजके. माझ्या डोक्यात हिशेब बसला तो बसलाच. चाट्या काढला तर ओठ्याला जागा होईल.

हसनचाचाला मी हे टांग्यात सांगितलं. हसनचाचा माझी मासळी काठावरून कॅम्पात नेत असे. पांढरी दाढी, डोक्याला लाल रुमाल, आणि घोडीशी बोलणं सतत चालू.

"धोंडूशेठ," तो म्हणाला, "तुम्ही मनमाडला एक माणूस धाडला. आता मासे पण मनमाडला धाडणार का?"

"चाचा, हिशेब समजून घ्या."

"हिशेब तुमचा पक्का आहे. घोडी पण म्हणते पक्का आहे. पण घोडीला घाम येतो तुमचा राग ओढून."

मी चिडलो आणि उतरून चालायला लागलो. त्याने टांगा माझ्या चालीने हळूहळू मागून आणला, कॅम्प येईपर्यंत. अशा माणसाशी भांडता येत नाही.

कॅम्पात पलटणीच्या जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा. त्यात मी जुन्या मच्छरदाण्या घेतल्या. पंचवीस-तीस असतील, फाटक्या, पण कापड असं की त्यातून डास जात नाही तर मासा काय जाईल. चार दिवस बसून मी त्या एकाला एक शिवल्या. अख्ख्या डोहाला पुरेल एवढी झोळी झाली. कडेला शिसं लावलं.

अक्का बाजारातून आली आणि ओट्यावर तो पांढरा ढिगारा पाहून उभी राहिली.

"लगीन हाय का कोणाचं?"

मी सांगितलं. सांगताना मी आधीच तापलो होतो, कारण ती काय म्हणेल ते मी मनात शंभरदा ऐकलं होतं.

"आरं, पर खाणं येगळं हाय त्यांचं," ती म्हणाली. "तुला आतडी दावली होती."

"खाणं वेगळं असेल. जागा? पाणी तर एकच ना? जागा अडते की नाही?"

"बारीक मासा बायांचा हाय, धोंड्या."

"बायांचा, बायांचा! बायांनी काय डोह विकत घेतला? तुझा चाट्या वाटीवर जातो, माझा ओठ्या साहेबाच्या ताटात जातो. कोणाच्या जिवावर घर उभं राहणार आहे, सांग. दोघं अर्धपोटी राहण्यापेक्षा एकाचं तरी पुरतं होऊ दे."

मी आणखीही बोललो. तिच्या पाटीवर, तिच्या राखेच्या मडक्यावर, परत आलेल्या तिच्या नशिबावर. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मग तिने दांडीवर वाळत घातलेलं ते मासे धरायचं लुगडं काढलं, त्याची नीट घडी केली, खांद्यावर टाकली आणि आत गेली. एक शब्द नाही. मला वाटलं होतं ती विळी फेकेल. मी त्याला तयार होतो.

कार्तिक आणि मार्गशीर्ष, दोन महिने मी डोह गाळला. मजूर लावले. मच्छरदाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढायची आणि चंदेरी ढीग काठावर ओतायचा. मी मूर्ख नव्हतो. ओठ्याची पिलं निवडून मी स्वतः परत सोडत होतो. चाट्या सुकवून पोत्यांनी विकला. पौषात डोहात चाट्या म्हणून उरला नाही. गावातल्या बायका काठावर उभ्या राहून पाहायच्या. कोणी शिव्या दिल्या, कोणी माझ्याकडे पाहून थुंकल्या. अक्का त्यांच्यात कधी आली नाही.

पौष संपता संपता अक्काच्या पाटीत काही उरलं नाही. काही दिवस ती बाजारात दुसऱ्या बाईच्या शेजारी बसून तिचे मासे चिरून द्यायची. मी म्हणालो, घरी बस, मी आहे. ती हसली. माघात एका सकाळी मी उठलो तेव्हा चूल सारवलेली होती, माझी भाकरी झाकून ठेवलेली होती आणि विळी नव्हती. हसनचाचाने तिला स्टेशनावर सोडलं होतं. कुठे गेली ते त्याने मला सांगितलं नाही. "तिने सांगू नको म्हटलं," एवढंच बोलला.

मला राग आला तो अजून उतरलेला नाही, असं मी परवापर्यंत म्हणत होतो. कारण पुढे काय झालं ते पाहा.

फाल्गुनात ऊन चढलं आणि दगड हिरवे व्हायला लागले. आधी नुसती लव. मग पोपटी केस. चैत्रात डोहात उभं राहिलं की पायाला गिळगिळीत गुंडाळायचं. दगडांवर शेवाळ, शेवाळात गाळ, आणि ज्या स्वच्छ दगडांवर गोगलगायी चिकटून असायच्या तिथे त्यांना पायच रोवेना. गोगलगाय गेली. ओठ्या काय खाणार? वैशाखात शेवाळ कुजलं. पाण्याला असा वास सुटला की म्हशीही उतरेनात. ओठे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा गिळायला लागले, आणि एका सकाळी ते काठाला लागले, पांढरी पोटं वर करून. बटलरला मी अशी मासळी देऊ शकत नव्हतो. खड्डा खणून पुरली.

तेव्हा मला जे कळलं ते इतकं साधं होतं की ते आधी का कळलं नाही याचीच लाज वाटते. मी समजत होतो की डोहात जागा म्हणजे चाळीतली खोली. एक भाडेकरू काढला की दुसऱ्याला मोकळी. पण जागा अशी आधीपासून रिकामी पडलेली नसते. चाट्या दगड चाटत होता म्हणून दगड दगड होता. त्या दगडावर गोगलगाय होती, म्हणून ओठ्या ओठ्या होता. दोघांनी वेगळं होता होता एकमेकांसाठी ती जागा घडवली होती, पिढ्यान् पिढ्या, एकमेकांना न ओळखता. मी त्यातला एक काढला तेव्हा दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढली.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. पुढची दोन वर्षं वरच्या डोंगराकडच्या ओढ्यांतून चाटे आणून सोडले. घागरीत पाणी, पाण्यात मासे, तोंडाला ओलं फडकं, आणि वाटेत दर कोसावर पाणी बदलायचं. हसनचाचाने घोडी पावलापावलाने चालवली, हिसका बसू नये म्हणून. सोडल्यावर ते जरा वेळ डोहात घुटमळले, मग खळाळाकडे तोंड करून वर निघून गेले. ते धावत्या पाण्याचे होते. दिसायला तसेच, तोच ठिपका, पण त्यांचं अंग बारीक, छाती दगडाला धरणारी, संथ पाणी त्यांना मानवेना. नाव एक असून उपयोग नाही. या डोहाचा चाट्या याच डोहात झाला होता, आणि तो मी पोत्यात भरून विकला होता.

मग मी बर्फाच्या धंद्यात पडलो. तो चालला. माणसाला एक दार बंद झालं की दुसरं शोधावंच लागतं, आणि शोधायची अक्कल मला आहे. पक्कं दुकान झालं, पाटी लागली, फोन नाही पण फोन असलेला शेजारी आहे. दुपारी शटर ओढून जेवायला बसतो तेव्हा घरात माझ्या चावण्याचा आवाज येतो. लग्न केलं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्ही ठिकाणी मी हुंड्यावरून नाही, मानावरून भांडलो.

आणि इतकी वर्षं मी एकच गोष्ट उगाळत राहिलो. अक्काला ठाऊक होतं. जिने मला आतडी मांडून दाखवली, जिला माशाच्या डोळ्यावरून तो शिळा की ताजा ते कळतं, तिला हे कळलं नसेल? ती मला म्हणू शकत होती, धोंड्या, शेवाळ चढेल. ओरडू शकत होती. विळी उगारू शकत होती. तिने घडी घातली आणि मला खड्ड्यात जाऊ दिलं. माझी चूक मोठी, कबूल. पण माझ्या चुकीत तिचं गप्प राहणं आहे, आणि त्याचा जाब मला हवा होता. बाजारात कोणी बहिणीचं नाव काढलं की मी हे तावातावाने सांगायचो. लोक मान डोलवायचे. गिऱ्हाईक मान डोलवतंच.

यंदा डोहावरून परत आलो तो हसनचाचा दुकानाच्या पायरीवर बसलेला. टांगा त्याने विकला आहे, घोडी गेली.

"दगड बघून आलात?" तो म्हणाला.

"आलो."

"सहा साल दगड बघता. बहन एकदा बघून या. इगतपुरीला आहे, बाजारात बसते. आता मी सांगतो, मला जास्त दिवस नाहीत. तिने नको म्हटलं होतं, ते मोडल्याचं पाप माझ्यावर."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. गाडीत मी बोलणं तयार केलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, ती असं म्हणाली तर मी काय म्हणायचं, गप्प बसली तर काय. सौद्याला जाताना मी असाच जातो. अस्वली स्टेशन गेल्यावर घाटाचा गारवा लागला, दोन्ही बाजूंना भात कापणीला आला होता, आणि माझं बोलणं पक्कं झालं होतं. सुरुवात अशी होती: तुला सगळं ठाऊक होतं.

बाजारात ती लांबूनच दिसली. केस पांढरे, अंग निम्म्यावर आलेलं. समोर पाटीत खेकडे, नांग्या गवताने बांधलेले, आणि एका टोपलीत ओढ्याचा बारीक मासा. रेल्वेच्या चाळीतली एक बाई भाव करत होती आणि अक्का तिला म्हणत होती, "एवढ्यात तर खेकडा आपणहून बी यायचा नाय."

मग तिने वर पाहिलं.

"धोंड्या?" ती म्हणाली. रडली नाही, उठली नाही. पाटी जराशी सरकवली आणि शेजारच्या पोत्यावरचं पाणी हाताने निपटलं. "बस. वाळलास किती. भाकर खाल्लीस?"

मी बसलो. पहिलं वाक्य तोंडात तयार होतं. ती आधी बोलली.

"ओठ्या झाला का रं मोठा?"

मला कळेना ती काय विचारते आहे.

"अधनंमधनं तिकडचं कोण कोण भेटतं," ती म्हणाली, "सांगतात, धोंड्याचं दुकान झालं, मोठी मोठी मासळी साहेबाला घालतो. तवा म्हटलं, झाला आसंल. तू म्हणाला होतास ना, जागा अडती. मला आधी पटलं नव्हतं. पर रातभर इचार केला. म्हटलं, ह्यो बाजारात कधी चुकला नाय, ह्याचंच खरं आसंल. आन मग वाटलं, चाट्या जागा अडवतो तशी मी बी अडवतेच की. तुझ्या घरात, तुझ्या डोहात. तुला बायको आणायची, पोरंबाळं व्हायची. म्हणून आले इकडं. सांगून आले आसते तर तू येऊ दिलं नसतंस."

दुकानाची बातमी घाटापर्यंत पोहोचली होती. डोहाची पोहोचली नव्हती.

तिला ठाऊक नव्हतं. काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिने लुगड्याची घडी घातली ती माझं म्हणणं खरं मानून. सहा वर्षं ज्या गप्प राहण्याचा मी जाब मागत होतो, ते गप्प राहणं म्हणजे माझ्या हिशेबावरचा तिचा विश्वास होता. जगात त्या हिशेबावर विश्वास ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. हसनचाचाची घोडीही नाही.

"सांग की," ती म्हणाली. "केवढा झाला?"

मी दोन्ही हात पुढे केले आणि एवढं अंतर दाखवलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर थोडं.

"आगं बाई!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला खाली पाहावं लागलं. "मग बरं झालं रं. मग बरं झालं मी आले ती."

आम्ही दुपारपर्यंत बसलो. तिने मला खेकड्याचं कालवण खायला घातलं. तिने विचारलं तेवढ्याची उत्तरं मी दिली, आणि बहुतेक खोटी दिली. बायको आणली का विचारलं, त्याचं मात्र खरं दिलं. तिने माझ्या ताटात आणखी वाढलं. तिला परत न्यायला म्हणून मी आलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं; भांडणाच्या खाली तेच होतं. पण आता ते बोलता येत नव्हतं. ती आली असती तर पहिल्या सकाळी डोहावर गेली असती.

निघताना तिने स्वतःच विषय काढला. "एकदा येते बघाया. ओठ्या एवढा झालेला माझ्या डोळ्यांनी बघाया पायजे."

"नको," मी म्हणालो. "वाटेतल्या ओढ्यावरची फरशी वाहून गेलीय. तुला उतरायला जमायचं नाही."

"मग पुढल्या साली."

"हां. पुढल्या साली."

अक्काला अक्षर येत नाही, म्हणून हे लिहिता आलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी कधी इगतपुरीच्या बाजारात खेकडे घ्यायला थांबलंच, तर पांढऱ्या केसांच्या बाईशी भाव खुशाल करावा, तिला आवडतं. डोहाचं मात्र काही सांगू नये.